वाशीमचं सोयाबीन पिवळं का पडतं

जुलैच्या मध्याला चार-पाच दिवसांची झड लागते, मग उघडीप होते, आणि रिसोड-मालेगावकडच्या काळ्या वावरांत सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट असते : सोयाबीन पिवळं पडलं. शेतकरी लगबगीने कृषी सेवा केंद्रात जातो. सोबत रोपटं नसतं, ‘पिवळं पडलं’ एवढंच सांगणं असतं. तेवढ्यावर दुकानदार देणार तरी काय? एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि एक टॉनिक. तिन्ही एकाच पंपात जातात. आठवड्याने पीक हिरवं झालं तर बाटलीचं नाव होतं, नाही झालं तर आणखी एक बाटली येते. पेरणीतच हात रिकामा झालेल्या घराला हा खर्च जड जातो, आणि पुष्कळदा तो मुळात लागतच नसतो.

पिवळेपणा हे लक्षण आहे. त्याच्यामागे आठ-दहा वेगळी कारणं असू शकतात. काही जमिनीची, काही पावसाची, काही किडीची, काही विषाणूची, आणि एखादं आपणच मारलेल्या तणनाशकाचं. कोणतं कारण आहे ते बहुतेक वेळा वावरातच कळतं. त्यासाठी खुरपं, ब्लेड आणि अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास दुकानाकडे जाण्याआधी काढायला हवा.

पानाला हिरवा रंग देतं ते हरितद्रव्य. त्याच्या एका रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो आणि त्याच्याभोवती नत्राचे चार. लोह त्या रेणूत नसतं, पण लोहाशिवाय झाडाला तो रेणू बनवताच येत नाही. पिवळा रंग मात्र बाहेरून येत नाही. कॅरोटिनॉइड नावाची पिवळी द्रव्यं पानात पहिल्यापासूनच असतात, हरितद्रव्य कमी झालं की ती उघडी पडतात. म्हणून अगदी वेगळ्या दुखण्यांचा रंग सारखाच दिसतो. रंगावरून निदान होत नाही. निदान होतं ते पिवळेपणा कुठून सुरू झाला आणि वावरात कसा पसरला यावरून.

पहिला प्रश्न : खालची जुनी पानं पिवळी आहेत की शेंड्याची नवी? नत्र, मॅग्नेशियम आणि पालाश ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात फिरती असतात. तुटवडा आला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. लोह आणि बऱ्याच अंशी गंधक एकदा ज्या पानात गेलं तिथेच राहतं. ते कमी पडलं तर जुनी पानं हिरवीगार राहतात आणि शेंडा पिवळा पडतो. एवढा एक भेद पाहिला तरी निम्मी कारणं बाजूला पडतात.

वाशीम जिल्ह्यात जुलैत दिसणारा पिवळेपणा बहुतेक वेळा शेंड्याचा असतो. पानाच्या शिरा हिरव्या असतात आणि शिरांमधली जागा फिकट पिवळी असते. दुखणं फार वाढलं तर पान जवळजवळ पांढरं पडतं. ही लोहाची उपासमार आहे, आणि ती लोहाने भरलेल्या जमिनीत होते. इथली काळी माती बेसाल्ट खडकातून झाली, आणि बेसाल्टमध्ये लोह भरपूर असतं. तरी रोपाला ते मिळत नाही, कारण ते विरघळलेलं नसतं. जमिनीचा सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. सामू साडेसहा असलेल्या जमिनीत जे मुळाला सहज सापडतं, ते आठच्या वर सामू असलेल्या चुनखडीयुक्त जमिनीत जवळपास दगडासारखं बसून राहतं.

सोयाबीनची मुळं त्यावर उपाय करतात. आपल्याभोवती आम्ल सोडून ती माती किंचित आंबट करतात आणि फेरिक लोहाचं फेरसमध्ये रूपांतर करून ते शोषतात. मग झडीत नेमकं काय बिघडतं? मुळं आणि मातीतले जीव श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. एरवी तो मातीच्या फटींतून वर निघून जातो. फटी पाण्याने भरल्या की तो अडकतो, पाण्यात विरघळतो आणि मातीतल्या चुन्याशी मिळून बायकार्बोनेट तयार होतं. हे बायकार्बोनेट मुळाने सोडलेलं आम्ल मारून टाकतं. त्यात मुळाला प्राणवायूही कमी पडतो, त्यामुळे त्याची कामाची ताकदच घटते. रोप जोमाने वाढायच्या दिवसांत हे घडतं, म्हणून नवी पानं पिवळीच बाहेर येतात.

यातून उपायाचा क्रम ठरतो. आधी पाणी काढायचं. सखल भागातून धुऱ्याकडे चर काढून साचलेलं पाणी बाहेर पडू द्यायचं. वाफसा आला की डवरणी करायची, म्हणजे मातीत हवा खेळते. बायकार्बोनेट ओसरतं, मुळं पुन्हा कामाला लागतात, आणि पुढची पानं हिरवी येतात. कित्येक वावरांत एवढंच पुरतं. आठवडाभर ऊन मिळाल्यावर आपोआप हिरवं झालेलं पीक मी दरवर्षी पाहतो, आणि तेवढ्यात तिथे मारलेल्या औषधाचं कौतुकही दरवर्षी ऐकतो.

जमीन जास्त चुनखडीची असेल आणि पिवळेपणा हटत नसेल, तर फवारणी करायला हवी. दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि त्याची आम्लता मारायला 25 ग्रॅम चुना. चुना वेगळा भिजवून, गाळून घ्यायचा. ही फवारणी ऊन उतरल्यावर करावी आणि गरज पडली तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस दहा लिटर पाण्यात सूक्ष्म अन्नद्रव्य ग्रेड-2 50 मिली आणि 19:19:19 हे विद्राव्य खत 100 ग्रॅम, अशी आहे. हिराकस नुसतं मातीत टाकण्याचा फारसा उपयोग नाही. ज्या कारणाने मातीतलं लोह अडकलं, त्याच कारणाने हेही काही दिवसांत अडकतं. चिलेटेड लोह घेताना पाकिटावर ‘ईडीटीए’ आहे की ‘ईडीडीएचए’ हे पाहावं. पहिलं फवारणीला चालतं, पण आपल्या जास्त सामूच्या मातीत ते टिकत नाही. मातीतून द्यायचं तर दुसरंच लागतं, आणि ते महाग असतं.

लोहाचीच कमतरता आहे का, ही शंका घरच्या घरी फेडता येते. युझेब ग्री या फ्रेंच संशोधकाने 1840 च्या दशकात पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाच्या क्षाराने हिरवं करून दाखवलं होतं. तीच चाचणी आजही चालते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि साबणाच्या पाण्याचे दोन थेंब घालायचे, आणि कुंचल्याने किंवा कापसाच्या बोळ्याने चार-पाच पिवळ्या पानांच्या अर्ध्या भागालाच ते लावायचं. त्या पानांना दोरा बांधून ठेवायचा. आठवड्याभरात लावलेला भाग हिरवा होऊ लागला तर कारण लोहाचं आहे. नाही झाला तर फवारणीचा खर्च वाचला. एकरी खर्च करण्याआधी इतका स्वस्त पुरावा मिळत असताना तो कुणी घेत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

सगळ्या वाणांना हा त्रास सारखा होत नाही. अमेरिकेत मार्टिन वाइस यांनी 1943 मध्ये दाखवलं की सोयाबीनच्या काही वाणांची मुळं लोह मिळवण्यात तरबेज असतात आणि हा गुण आनुवंशिक असतो. म्हणून धुऱ्याच्या अलीकडे पिवळं आणि पलीकडे हिरवं दिसलं तर शेजाऱ्याने काय फवारलं हे विचारण्याआधी त्याने कोणतं बियाणं पेरलं हे विचारावं.

आता खालून चढणारा पिवळेपणा. पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या सुमारास सबंध रोप फिकट दिसतं, खालची पानं आधी. इथे खुरप्याने रोप मुळासकट, मातीच्या गड्ड्यासह उचलायचं. उपटायचं नाही, उपटलं की गाठी मातीतच राहतात. मुळावरच्या गाठींत ब्रॅडीरायझोबियम जातीचे जिवाणू हवेतला नत्र झाडाला देत असतात. गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी-लाल निघाली तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा तो नातेवाईक. अशा पिकाला दम धरू द्यावा, आठवड्याभरात ते सावरतं. गाठी पांढऱ्या किंवा हिरवट असतील, किंवा नसतीलच, तर रोपाला खरोखर नत्र कमी पडतं आहे. तिथे दोन टक्के युरियाची फवारणी तात्पुरता आधार देते. मात्र हेक्टरी 30 किलो नत्राची शिफारस पेरणीच्या वेळीच पुरी झालेली असताना घाबरून वरून युरियाचं पोतं फेकू नये. तयार नत्र मिळाला की मूळ गाठी धरायचं टाळतं. शिवाय पीक लुसलुशीत होऊन किडीला आवडतं.

गंधकाची कमतरता आपण स्वतः ओढवून घेतली आहे. तिच्यात नवी पानं पिवळी पडतात, पण लोहासारख्या शिरा हिरव्या राहत नाहीत, पान सगळंच सारखं फिकट होतं. पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेट वापरलं जाई. त्यात स्फुरदाबरोबर सुमारे 11 टक्के गंधक असतं. डीएपीत गंधक नसतं. सोयाबीन तेलबिया पीक आहे, त्याला गंधक हवंच, आणि शिफारस हेक्टरी 20 किलोची आहे. डीएपीच्या टंचाईत रांगेत उभं राहण्याऐवजी सुपर फॉस्फेट उचललं तर दोन्ही गरजा भागतात. पालाशची कमतरता पानाच्या कडेवरून ओळखू येते. जुन्या पानाची कड आधी पिवळी आणि मग करपलेली होते, मधला भाग हिरवा राहतो.

दुसरा प्रश्न वावराच्या नकाशाचा. धुऱ्यावर उभं राहून सगळं वावर एकदा नजरेखालून घालावं. सखल भागात, नाल्याकाठी किंवा चुनखडीच्या पांढुरक्या पट्ट्यात पिवळेपणा असेल तर तो मातीचा. फवारणीच्या फेरीप्रमाणे सरळ पट्टे दिसत असतील, आणि पंप जिथे दोनदा फिरला तिथे रंग जास्त उतरला असेल, तर तो तणनाशकाचा. इमॅझेथापायर मारल्यावर सोयाबीन काही दिवस पिवळं पडतं आणि वाढ थांबते. पीक हे तणनाशक अंगातच मोडून टाकतं आणि दीड-दोन आठवड्यांत सावरतं. त्यावर काही मारू नये.

आणि पिवळी झाडं विखुरलेली असतील, इथे एक, चार पावलांवर दुसरं, मधली सगळी हिरवी, तर मात्र तातडीने जवळ जावं. पानावर भडक पिवळे आणि हिरवे वेडेवाकडे ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसले, आणि ते शिरांचा मुलाहिजा न ठेवता पसरलेले असले, तर तो पिवळा मोझॅक. याच्या विषाणूचं मूळ घराणं मूग-उडदाचं. मुगावरच्या या रोगाचं वर्णन दिल्लीत टी. के. नरियानी यांनी 1960 मध्ये केलं, सोयाबीन नंतर त्याच्या तावडीत आलं. त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेते ती पांढरी माशी, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची. हा विषाणू वाऱ्याने, पाण्याने किंवा झाडाला झाड घासून पसरत नाही. रोगट झाडाचा रस शोषलेली माशी पुढे बरेच दिवस निरोगी झाडांना तो देत राहते. पान उलटून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही, झाड हलवलं की पिठासारखी उडते.

मोझॅक झालेलं झाड बरं होत नाही. विषाणू मारणारं औषध बाजारात नाही, आणि कोणी विकत असेल तर घेऊ नये. करायचं ते एवढंच : सुरुवातीची पाच-दहा झाडं दिसताच उपटून, पोत्यात भरून वावराबाहेर न्यायची आणि गाडून किंवा जाळून टाकायची. पिवळे चिकट सापळे पिकाच्या उंचीबरोबर वर सरकवत राहायचे, आणि माशी वाढत असेल तरच शिफारशीतलं आंतरप्रवाही कीटकनाशक वापरायचं. पहिल्या पाच झाडांना जो हात घालतो त्याचं वावर वाचण्याची आशा असते. निम्मं वावर पिवळं झाल्यावर मारलेलं औषध माशी मारतं, पीक वाचवत नाही. मोझॅकचं खरं काम पेरणीआधीच होतं. जेएस 335 हे वर्षानुवर्षं घरोघरी चाललेलं वाण या रोगाला बळी पडतं. जेएस 20-29 किंवा जेएस 20-69 यांसारखी वाणं त्याला बऱ्यापैकी तोंड देतात. आणि विषाणूला जगायला हिरवं झाड लागतं. उन्हाळी सोयाबीन आणि उन्हाळी मूग जिथे खरिपाला लागून उभे असतात, तिथे माशीला एका हंगामातून दुसऱ्यात जायला पूल मिळतो. उन्हाळी पिकामागे बियाण्याची निकड असते हे मान्य, पण त्या वावराच्या आसपास खरिपात पहारा दुप्पट ठेवायला हवा.

तिसरा प्रश्न खोडाचा, आणि तो सगळ्यात जास्त राहून जातो. ऑगस्ट 2023 हा 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्यानंतर सप्टेंबरात पाऊस आला, आणि विदर्भातल्या अनेक भागांत शेंगा भरायच्या वेळी सोयाबीन पिवळं पडून वाळलं. सगळीकडे एकच नाव झालं, यलो मोझॅक. पण त्या वर्षी मोझॅकच्या जोडीने मूळकूज, खोडकूज आणि चारकोल रॉटही होता. चारकोल रॉटची बुरशी, मॅक्रोफोमिना फॅसिओलिना, कोरड्या उन्हात ताण पडलेल्या झाडाच्या मुळातून शिरते. पानं पिवळी होऊन वाळतात, पण गळत नाहीत, झाडालाच लटकून राहतात. खोड बुडाशी उभं चिरलं आणि आत कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे कण दिसले की निदान झालं. त्या अवस्थेत वरून पानांवर फवारलेलं बुरशीनाशक मुळापर्यंत पोचत नाही. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पावसाने ओढ दिली असेल आणि विहिरीत पाणी असेल, तर तुषार सिंचनाची एक पाळी त्या फवारणीपेक्षा जास्त कामाची.

तेच ब्लेड दुसरी कारणंही उघडी करतं. चिरलेल्या खोडात लालसर, नागमोडी भुयार आणि त्यात फिकट अळी असेल तर खोडमाशी. देठावर किंवा खोडावर दोन समांतर गोल खाचा कोरलेल्या असतील आणि त्यांच्या वरचा भाग सुकला असेल तर चक्रीभुंगा. बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे गोल दाणे असतील तर स्क्लेरोशियमची खोडकूज, ती पाणी धरणाऱ्या जागी लहानपणीच रोप मारते. खोडमाशीला आवर घालायची चांगली वेळ पेरणीचीच. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग किलोला 10 मिली थायमेथोक्झाम 30 एफएस, आणि अगदी शेवटी, पेरणीच्या तोंडावर सावलीत, रायझोबियम. हा क्रम उलटा झाला तर जिवाणू मरतात आणि आपण मघाशी पाहिलेल्या पांढऱ्या गाठी पदरात पडतात.

निदान झाल्याशिवाय फवारू नये असं मी इतक्या आग्रहाने सांगतो, त्याचं एक कारण पैशापलीकडचं आहे. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात न्यावं लागलं. माणसापेक्षा उंच पऱ्हाटी, दमट हवा आणि मनाने केलेली औषधांची मिश्रणं हे सगळं त्यात एकत्र आलं होतं. सोयाबीन कमरेएवढंच असतं, म्हणून धोका कमी, पण पंप उचलणारा माणूस तोच असतो. दोन रसायनं एका पंपात घालायला लेबलवर परवानगी आहे का हे पाहिल्याशिवाय मिसळू नयेत. हातमोजे आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय मजुराला वावरात पाठवू नये.

अर्ध्या तासात उत्तर मिळालं नाही तर नमुना घेऊन जाणकाराकडे जावं. जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र रिसोड तालुक्यात करड्याला आहे, आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही फार दूर नाही. नेताना एकटं पान नेऊ नये. नुकतंच पिवळं पडू लागलेलं एक रोप, जास्त बिघडलेलं एक आणि निरोगी एक, तिन्ही मुळा-मातीसकट ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यावीत. पेरणीची तारीख, वाण, टाकलेलं खत आणि मारलेली औषधं कागदावर लिहून न्यावीत. मोबाइलमधले फोटो कामाचे, पण फोटोत मूळ आणि पानाची खालची बाजू दिसत नाही. मृदा आरोग्य पत्रिका असेल तर तीही सोबत घ्यावी. तिच्यावरच्या बारा आकड्यांपैकी सामू, सेंद्रिय कर्ब, गंधक, जस्त आणि लोह हे आपल्या कामाचे. उपलब्ध लोह दशलक्ष भागांत साडेचार भागांच्या खाली असेल तर पुढच्या हंगामात पिवळेपणाची वाट न पाहता तयारी करता येते. त्या तयारीत शेणखत पहिलं, कारण कुजणारा सेंद्रिय भाग लोहाला धरून विरघळत्या रूपात ठेवतो. त्याच्या खालोखाल रुंद सरी-वरंब्यावर, म्हणजे बीबीएफ यंत्राने केलेली पेरणी, कारण झडीचं पाणी सरीतून निघून जातं आणि मुळं वरंब्यावर श्वास घेत राहतात.

एक पिवळेपणा मात्र उपचाराचा नाही. जेएस 93-05 नव्वद दिवसांच्या आसपास पिकतं, जेएस 335 ला शंभर दिवसांच्या आसपास लागतात, फुले संगम त्याहूनही मागून येतं. शेजारशेजारच्या वावरांत एक पिवळं आणि एक हिरवं दिसलं की सप्टेंबरच्या अखेरीला पुन्हा घबराट होते. इथे पेरणीची तारीख मोजावी आणि शेंगा दाबून पाहाव्यात. दाणे भरलेले, पानं खालून पिवळी होऊन आपोआप गळणारी आणि खोड चिरल्यावर आत स्वच्छ असेल, तर पीक पक्व होत आहे. झाड पानांतला नत्र काढून दाण्यांत भरतं आहे, आणि सोयाबीनच्या दाण्यातली सुमारे चाळीस टक्के प्रथिनं बऱ्याच अंशी त्यातून उभी राहतात. या वेळी मारलेलं टॉनिक वाया जातं. शेंगा नव्वद-पंचाण्णव टक्के तपकिरी झाल्या की सोंगणी लावावी, कारण उन्हात उभं राहिलं की शेंगा तडकतात. बियाण्यासाठी दाणा ठेवायचा तो ज्या तासांत मोझॅकचं एकही झाड नव्हतं त्या तासांतला ठेवावा, आणि मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवून तो वेगळा काढावा.